लँडस्केप फोटो एडिट झाला? प्रिंटला टाकण्याआधी चार जणांना दाखवा



निसर्गाचे फोटो विकून चार पैसे मिळवायचे आहेत, असं म्हणणारे बरेच जण माझ्या दुकानात येतात. आमचं सातारा म्हणजे कास, ठोसेघर, सज्जनगड, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. हातात बरा मोबाईल किंवा कॅमेरा असतो, पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, फोटोही छान येतात. पण मोबाईलवर छान दिसणारा फोटो आणि गिऱ्हाईक पैसे देऊन भिंतीवर लावेल असा फोटो, यांच्यामध्ये दोन पायऱ्या आहेत. पहिली एडिटिंगची. दुसरी, ते एडिटिंग दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासून घेण्याची. पहिली सगळे शिकवतात. दुसरी मला नऊ हजार रुपये मोजून शिकावी लागली. ती आज तुम्हाला फुकट सांगतो.

माझा किस्सा

फ्रेमिंग आणि प्रिंटिंगचं दुकान टाकून दुसरं वर्ष होतं. एका होमस्टेवाल्या दादांनी खोल्यांसाठी १४ फ्रेम सांगितल्या. साइज १२×१८ इंच, फोटो माझेच. रात्री दुकान बंद करून लॅपटॉपसमोर बसलो. ब्राइटनेस फुल्ल. हिरवा रंग थोडा वाढवला, मग अजून थोडा. आकाश गडद निळं केलं. मला तर एकदम भारी वाटलं.

आमचा पाच-सहा हौशी फोटोग्राफरांचा गट आहे. रविवारी सकाळी दुकानातच बसतो, चहा होतो, फोटो दाखवतो. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते फोटो बघून म्हणाले, "अहो, हे गवत आहे का प्लॅस्टिकची चटई?" सगळे हसले, मीही हसलो. मनात म्हटलं, काकांना आजकालचा ट्रेंड कळत नाही. आणि १४ च्या १४ प्रिंट काढल्या.

दादांनी पहिली फ्रेम खिडकीपाशी नेली. बाहेरच्या डोंगराकडे बघितलं, मग फ्रेमकडे बघितलं. म्हणाले, "भाऊ, पाहुणे विचारतील, हा कुठला डोंगर? आपल्याकडचा वाटत नाही."

एका फ्रेमला मला ६५० रुपये खर्च आला होता. १४ गुणिले ६५० म्हणजे ९,१०० रुपये. सगळं परत करून दिलं म्हणून गिऱ्हाईक टिकलं, पण नफा गेला आणि वर पदरचे घातले. एडिटिंग चुकलंच होतं. पण त्याहून मोठी चूक म्हणजे मला चूक सांगितली गेली होती आणि मी ती ऐकली नाही.

एडिट करणं म्हणजे फसवणूक का?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. उत्तर आहे, नाही. अमेरिकेतले प्रसिद्ध लँडस्केप फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. त्याच निगेटिव्हवरून ते पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिले आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश अधिकाधिक काळं करत गेले. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, डार्करूम होती. म्हणजे एडिटिंग जुनंच आहे.

पण व्यवसायात एक नियम पाळा. फोटोखाली जागेचं नाव लिहून विकणार असाल, तर जागा खरी ठेवा. उजेड आणि रंग सांभाळणं ठीक. दुसरीकडचं आकाश आणून चिकटवणं, नसलेला धबधबा दाखवणं नको. त्या जागी रोज उभा राहणारा माणूसच तुमचं गिऱ्हाईक आहे.

एडिटिंगचा क्रम

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या. लॅपटॉपवर लाइटरूम, फुकट हवं तर डार्कटेबल, मोबाईलवर स्नॅपसीड. महत्त्वाचा आहे तो क्रम.

१. आधी निवड. २०० फोटोंतून १० निवडा. एकाच जागेचे सहा फोटो असतील तर एकच ठेवा.

२. क्षितिज सरळ करा, मग क्रॉप. पाण्याची रेघ तिरकी असेल तर बघणाऱ्याला लगेच खटकतं. प्रिंटची साइज आत्ताच ठरवा. मोबाईलचा फोटो बहुतेक वेळा ४:३ असतो आणि १२×१८ ची फ्रेम ३:२ असते. म्हणजे वर-खाली मिळून उंचीचा साधारण ११ टक्के भाग कापला जाणार. शिखर अगदी काठाला असेल तर तेच जाईल.

३. व्हाइट बॅलन्स. ढग, धुकं, पांढरी भिंत अशी रंग नसलेली जागा बघा. ती निळी-पिवळी दिसत असेल तर आधी तिथं दुरुस्ती करा. हे चुकलं तर पुढचे सगळे रंग चुकतात.

४. उजेड. हिस्टोग्राम बघायची सवय लावा. आलेख उजव्या टोकाला चिकटला असेल तर ढगांमधला तपशील जळालाय. हायलाइट खाली घ्या, शॅडो थोडी वर. थोडीच. सावली पूर्ण उजळली की फोटो सपाट होतो आणि काळ्या भागात दाणे दिसायला लागतात.

५. रंग. सॅच्युरेशन सगळे रंग एकदम वाढवतं. व्हायब्रन्स मुख्यतः फिके रंग वाढवतं, आधीच गडद असलेल्यांना कमी हात लावतं. म्हणून आधी व्हायब्रन्स. हिरव्यासाठी तर उलट करून बघा. फक्त हिरव्याचं सॅच्युरेशन थोडं कमी करा आणि तो किंचित पिवळ्याकडे न्या. आपल्या पठारावरचं गवत असंच असतं.

६. डीहेझ जपून. पावसाळ्यातला आपला माल म्हणजे धुकं. तेच पुसून टाकलं तर राहिलं काय?

७. शेवटी शार्पनिंग. डोंगराची कड आणि आकाश जिथं भेटतात तिथं झूम करा. पांढरी रेघ दिसली की जास्त झालं.

मग फाइल बंद करा आणि सकाळी परत बघा. रात्री एक तास तोच फोटो बघून डोळा त्या रंगाला सरावतो. प्रत्येक वेळी 'अजून थोडं' वाटतं ते यामुळेच.

जमत असेल तर रॉ फॉरमॅटमध्ये फोटो काढा. जेपेग ८ बिटचा असतो, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ छटा. १४ बिटच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात. जेपेगमध्ये आकाश जास्त ताणलं की पट्टे पडतात ते छटा कमी असल्यामुळे.

स्क्रीन आणि कागद वेगळे का दिसतात?

स्क्रीन स्वतः उजेड फेकते. कागद फक्त पडलेला उजेड परत देतो. म्हणून ब्राइटनेस फुल्ल ठेवून एडिट केलेला फोटो प्रिंटमध्ये काळपट येतो. शिवाय स्क्रीनवरचे काही भडक हिरवे-निळे प्रिंटरच्या शाईतून निघतच नाहीत. त्यांच्या जागी जवळचा रंग येतो आणि गवताच्या छटा एकमेकांत मिसळून जातात. माझ्या १४ फ्रेममध्ये हेच झालं होतं. उपाय सोपा आहे. ब्राइटनेस मध्यम ठेवा आणि मोठ्या प्रिंटआधी ४×६ ची एक टेस्ट प्रिंट काढून दिवसा खिडकीपाशी बघा. काही रुपयांत हजारो वाचतात.

आता मुख्य धडा: अभिप्राय कसा घ्यायचा

"कसा आहे?" असं विचारलंत तर "मस्त!" एवढंच उत्तर येणार. कुणालाच वाईट व्हायचं नसतं. म्हणून आम्ही दुकानात हे नियम केलेत.

मूळ आणि एडिट, दोन्ही दाखवा. मूळ फोटो बघितल्याशिवाय काय वाढवलं ते कळत नाही.

पहिला अर्धा मिनिट गप्प. फोटो कुठे काढला, किती पहाटे उठलो, किती चढलो, काही सांगायचं नाही. तुमची मेहनत गिऱ्हाईकाला दिसत नसते.

नेमके प्रश्न विचारा. "नजर आधी कुठे गेली?" "कुठे अडकली?" "कुठला रंग खोटा वाटतो?" "हा फोटो घरात कुठल्या भिंतीवर लावाल?"

उत्तर देऊ नका, लिहून घ्या. "नाही हो, तिथं उजेडच तसा होता" हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. वही काढायची, लिहायचं, चहा प्यायचा. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी.

मोजा. एकानेच सांगितलं तर ती त्याची आवड असू शकते. तिघांनी न ठरवता एकाच जागी बोट ठेवलं तर तो दोष धरा.

अभिप्राय देतानाही शिस्त पाळा. "छान पण काहीतरी कमी आहे" याचा कुणाला उपयोग नाही. आमच्यात चित्रकला शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. त्या कॉलेजच्या मुलाला म्हणाल्या, "तुझं धुकं छान आलंय, ते तसंच ठेव. उजव्या कोपऱ्यातला पांढरा दगड मात्र नजर ओढून घेतो. तेवढा दगड थोडा गडद करून बघ." काय चांगलं, काय अडतंय, काय करून बघ. तीन वाक्यं, आणि मुलानं तिथल्या तिथं दगड गडद केला. दुसऱ्याच्या फोटोतला असा दगड शोधायची सवय लागली की तो स्वतःच्या फोटोतही दिसायला लागतो. म्हणून फक्त घेऊ नका, द्यासुद्धा.

गट आणि गिऱ्हाईक यांत गल्लत नको

बामणोलीच्या बॅकवॉटरच्या माझ्या एका फोटोत काठावर जुनी होडी होती. गटातले चौघं म्हणाले, होडी काढ, फ्रेम स्वच्छ होईल. मी दोन्ही प्रिंट दुकानात लावल्या. एक ताई आल्या, होडीवाली घेऊन गेल्या. म्हणाल्या, "माहेरी अशीच होडी होती आमची."

तेव्हापासून माझा हिशेब ठरलाय. रंग, उजेड, तिरकेपणा, शार्पनिंग असे दोष शोधायला गटाचं ऐकायचं. भिंतीवर काय लागेल हे गिऱ्हाईकाला विचारायचं. आणि दोघांचंही ऐकायचं ते पैसे खर्च करायच्या आधी.

होमस्टेवाल्या दादांच्या दुसऱ्या फ्रेम करताना आधी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आता गुडघे दुखायला लागले. म्हणजे डोंगर खरा आहे."

या आठवड्याचा गृहपाठ

१. एकच लँडस्केप फोटो घ्या, वरच्या क्रमाने एडिट करा, रात्रभर ठेवा.

२. तीन माणसांना दाखवा. एक फोटो काढणारा, एक न काढणारा आणि एक जो तुम्हाला तोंडावर खरं बोलतो. वरचे चार प्रश्न विचारा, उत्तरं वहीत लिहा.

३. दुरुस्ती करून ४×६ ची प्रिंट काढा आणि पहिल्या एडिटशेजारी ठेवून बघा.

तिसरा माणूस आठवत नसेल तर आधी तो शोधा. कॅमेऱ्याची लेन्स नंतर घेता येईल.

भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत शिकत राहा, विकत राहा!