गल्लीतला पदपथ अर्थसंकल्पात कसा येतो?

प्रश्न: पुण्यातल्या आमच्या गल्लीत पदपथ नाही. महापालिकेकडे हे कधी आणि कुठे मांडावे?

उत्तर: मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पाच्या बातम्या येतात तेव्हा अनेकांना जाग येते. तोवर उशीर झालेला असतो.

पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून छोटी कामे सुचवून घेते. पदपथ, पथदिवे, बाक, बसथांबा अशी ही कामे; एकेकाचा खर्च साधारण ५ लाखांच्या आतला. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात, सहसा पावसाळा सरत असताना घेतले जातात. त्यात जागा नेमकी लिहावी, कुठल्या चौकापासून कुठल्या इमारतीपर्यंत. ‘रस्ते सुधारा’ एवढ्यावर अभियंत्याला खर्चाचा अंदाज काढता येत नाही आणि चांगली मागणी हकनाक मागे पडते.

पुढे आयुक्त अंदाजपत्रक १६ सदस्यांच्या स्थायी समितीला देतात, समिती फेरफार करून ते मुख्य सभेपुढे ठेवते.

मात्र तरतूद म्हणजे काम नव्हे. वर्गीकरणाचा ठराव करून तोच पैसा दुसऱ्या कामाकडे वळवता येतो, आणि नागरिकांनी खरे लक्ष ठेवायला हवे ते इथेच. १ एप्रिलनंतर निविदा निघाली का, कार्यादेश दिला का, हे क्षेत्रीय कार्यालयात लेखी विचारावे. उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्यावर ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे.