नाइट होण्याआधीची चौदा वर्षं

गेल्या सेमिस्टरला सबमिशन संपल्याच्या रात्री आमच्या विंगमधले आम्ही दहाजण एका लॅपटॉपभोवती बसून युरोपातल्या नाइट लोकांचा सिनेमा बघत होतो. चकचकीत चिलखत, उंच घोडा, टाळ्यांचा कडकडाट. आणि नाइटच्या मागे त्याचा भाला नि ढाल सांभाळत धापा टाकत पळणारा एक पोरगा.

"हा बिचारा नोकर दिसतोय," कोणीतरी म्हणालं.

"नोकर नाही रे, स्क्वायर. हा उद्याचा नाइट."

"म्हणजे फर्स्ट इयरचा पोरगा!"

सगळे हसले, मीही हसलो. पण मला आमचं फर्स्ट इयरचं फिटिंग शॉप आठवलं. माइल्ड स्टीलचा एक तुकडा मी तीन आठवडे कानशीने घासत होतो. सर ट्राय स्क्वेअर लावून उजेडासमोर धरायचे, फटीतून प्रकाश दिसला की शांतपणे परत द्यायचे. "मी इंजिनियर व्हायला आलोय की लोखंड घासायला?" असं मी चिडून घरी फोनवर म्हणालोसुद्धा होतो. म्हणून ठरवलं, या पोराचं पुढे काय व्हायचं ते नीट वाचून काढायचं. जे हाती लागलं ते मित्रांनो, तुमच्यासमोर ठेवतो.

सात, चौदा, एकवीस

पुस्तकातला हिशेब सोपा आहे. सातव्या वर्षापर्यंत मुलगा आईजवळ. मग त्याला दुसऱ्या सरदाराच्या किल्ल्यात पाठवायचे, पुष्कळदा मामाकडे. बापाजवळ पोरगा लाडावतो, आणि त्या निमित्ताने दोन घराण्यांचे संबंधही घट्ट होतात. तिथे तो 'पेज' व्हायचा. निरोप पोचवायचे, मेजावर वाढायचं, मोठ्यांसमोर उभं कसं राहायचं ते शिकायचं. घरातल्या स्त्रिया आणि पाद्री त्याला रीतभात, प्रार्थना, जमलं तर थोडं वाचन शिकवत. घोड्यावर बसणं, ससाणा सांभाळणं, बुद्धिबळ हेही असायचंच.

चौदाच्या आसपास तो 'स्क्वायर' व्हायचा. हा शब्द ढाल वाहणारा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. आता त्याच्याकडे घोड्यांचा खरारा, खोगिराची निगा, मालकाला चिलखत चढवणं-उतरवणं आणि लढाईत मागे दुसरा घोडा घेऊन उभं राहणं. मेकॅनिकलवाल्यांनी इथे कान टवकारावेत. कड्यांच्या चिलखताला गंज चढला की ते वाळूबरोबर पिंपात घालून पिंप गडगडवत. आपण ज्याला बॅरल फिनिशिंग म्हणतो, तीच ही प्रोसेस!

एकविसाव्या वर्षी नाइटपद. मात्र सात-चौदा-एकवीस हे काही युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल नव्हतं. फ्रान्सचा बूसिको १३८२ मध्ये रोझबेकच्या लढाईच्या वेळी, सोळाव्या वर्षीच नाइट झाला. उलट बरेचजण जन्मभर स्क्वायरच राहिले. कारण साधं होतं, खर्च! युद्धाचा घोडा आणि चिलखत यांत छोट्या जमीनदाराचं दिवाळं निघायचं. तेराव्या शतकात इंग्लंडच्या राजांना फर्मान काढावं लागलं, की ठरावीक उत्पन्नाची जमीन असलेल्यांनी नाइट व्हायलाच पाहिजे, नाहीतर दंड भरा. १२७८ मध्ये पहिल्या एडवर्डने ही मर्यादा वर्षाला २० पौंड ठेवली होती.

खांब, गोणी आणि भौतिकशास्त्र

शस्त्राचं शिक्षण कंटाळवाणं होतं. जमिनीत खांब पुरायचा आणि त्यालाच शत्रू समजून तलवार चालवायची. रोज. ही युक्ती मूळची रोमन. व्हेजेशियस या लेखकाने लिहून ठेवलंय, की सरावाची लाकडी तलवार आणि वेताची ढाल खऱ्यापेक्षा दुप्पट जड ठेवावी. मध्ययुगात त्याचा ग्रंथ आवडीने वाचला जाई. बाकी खरी तलवार सिनेमात दाखवतात तेवढी जड नसे. एका हातात धरायची साधारण सव्वा किलोच्या आसपास भरते.

भाल्यासाठी 'क्विंटेन' होतं. खांबावर फिरता आडवा दांडा, एका टोकाला ढाल, दुसऱ्या टोकाला वाळूची गोणी. दौडत येऊन ढालीवर मारा करायचा. नेम चुकला तर लोक हसणार. नेम बसला पण वेग कमी पडला, तर दांडा फिरून गोणी पाठीत बसणार. परीक्षकाची गरजच नाही, मार्क लगेच मिळतात!

या सरावामागचं गणित आपल्याला सहज कळेल. अकराव्या-बाराव्या शतकात भाला काखेत दाबून धरायची पद्धत रुळली. हाताने फेकलेल्या भाल्यामागे फक्त दंडाची ताकद असते, काखेतल्या भाल्यामागे अख्खा घोडा. घोडा आणि स्वार मिळून ६०० किलो धरा, वेग सेकंदाला ८ मीटर. गतिज ऊर्जा १९,००० ज्यूलच्या वर जाते. पण ती टोकापर्यंत पोचायला स्वार, खोगीर आणि रिकीब एकजीव हवेत. बैठक ढिली असेल तर स्वार स्वतःच मागे फेकला जातो. ती बैठक पुस्तक वाचून येत नाही, त्याला वर्षं लागतात.

मघाशी सांगितलेल्या बूसिकोचं चरित्र १४०९ च्या सुमारास लिहिलं गेलं. त्यात त्याच्या तरुणपणीच्या व्यायामाची यादी आहे. अंगावर चिलखत असताना रिकिबीला पाय न लावता घोड्यावर उडी मारणं, शिरस्त्राण सोडून बाकी पूर्ण चिलखतात कोलांटी मारणं, शिडीच्या खालच्या बाजूने नुसत्या हातांनी वर चढणं. आपल्या जिमवाल्या मंडळींनी करून बघावं!

विल्यमचा पहिला दिवस

पण मला सगळ्यांत जवळचा वाटला तो इंग्लंडचा विल्यम मार्शल. जन्म ११४६-४७ च्या सुमाराचा, बापाचा चौथा मुलगा. म्हणजे जमीन मिळायची आशा जवळजवळ नाहीच. ११५२ मध्ये राजा स्टीफनने त्याच्या बापाचा किल्ला वेढला, तेव्हा हा पाच-सहा वर्षांचा पोर राजाकडे ओलीस होता. शब्द मोडलास तर पोराला फाशी देईन, असं राजाने कळवलं. त्यावर बापाचं उत्तर चरित्रात नोंदलेलं आहे. माझ्याकडे हातोडा आणि ऐरण आहे, याहून चांगले मुलगे घडवीन, असा त्याचा मतलब. राजाला दया आली म्हणून पोर वाचलं.

किशोरवयात त्याला समुद्रापलीकडे नॉर्मंडीत, टँकरव्हिलच्या सरदाराकडे धाडलं. नात्यातलाच माणूस. तिथे विल्यमची ख्याती काय, तर खादाड आणि झोपाळू! बाकीचे त्याची टिंगल करत. अशी काही वर्षं काढल्यावर ११६६-६७ च्या सुमाराला सरदाराने त्याच्या कमरेला तलवार बांधली. झाला नाइट.

लगेच ड्रिंकूर इथे लढाई झाली. विल्यम झपाटल्यासारखा लढला, सगळ्यांनी वाहवा केली, पण त्याचा घोडा मारला गेला. रात्री मेजवानीत एका बड्या सरदाराने सगळ्यांदेखत त्याच्याकडे भेट मागितली, घोड्याच्या साजातलं एखादं जुनं-पानं काहीतरी. विल्यम भोळेपणाने म्हणाला, माझ्याकडे असलं काही कधीच नव्हतं. सगळे हसले. त्या दिवशी लढाईत असे कितीतरी घोडे त्याच्या हाताशी होते, पकडले असते तर त्याचेच झाले असते. तलवार चालवता येत होती, पण लढाईवर पोट कसं भरायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याच्या सरदारानेही लगेच नवा घोडा दिला नाही. नाइट होताना मिळालेला झगा विकून त्याला साधं तट्टू घ्यावं लागलं.

माझ्या पहिल्या कॅम्पस इंटरव्ह्यूची गोष्ट वेगळी नाही. सात सेमिस्टरची मार्कशीट होती, पण "स्वतःच्या हाताने काय केलंस?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्या रात्री मेसमध्ये जेवणही गेलं नाही. विल्यमची गोष्ट वाचल्यावर मात्र जरा धीर आला. पुढच्या स्पर्धेसाठी सरदाराने अखेर त्याला एक घोडा दिला, आणि त्या दिवशी त्याने प्रतिस्पर्धी नाइट पकडून खंडणी आणि घोडे मिळवले. हाच झोपाळू पोरगा पुढे लहानग्या तिसऱ्या हेन्रीच्या वतीने इंग्लंडचा कारभार बघू लागला. १२१७ मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, लिंकनच्या लढाईत तो स्वतः घोड्यावर होता. १२१९ मध्ये तो वारला. त्याचं थडगं लंडनच्या टेंपल चर्चमध्ये आहे.

सीनियर मंडळींना आणि सरांना एकच सांगावंसं वाटतं. स्क्वायर राबायचा हे खरं, पण त्याला खाऊ-पिऊ घालणं, शिकवणं आणि उभं करणं ही सरदाराची जबाबदारी मानली जाई. नुसतं राबवून घेणं हे शिक्षण नव्हे. आणि ज्युनियर मित्रांनो, चौदा वर्षांतला मोठा भाग खरारा आणि पिंप गडगडवण्यातच जायचा. घोडा ओळखीचा होतो तो तिथेच.

माझा तो माइल्ड स्टीलचा तुकडा अजून टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. परवा सहज ट्राय स्क्वेअर लावून उजेडासमोर धरला. एका कोपऱ्यातून अजून थोडा प्रकाश येतो. सुट्टीत कानस घेऊन पुन्हा बसणार आहे.