साखरेच्या भांड्यापासून अग्निबाणाच्या कवचापर्यंत
(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी विज्ञान व गणित यांचा जोडपाठ)

पातूर गावालगतच्या टेकडीत काळ्या पाषाणात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. परिसर-अभ्यासासाठी तेथे नेलेल्या विद्यार्थ्यांस शिक्षकाने एक प्रश्न अवश्य विचारावा : गवंड्याची वीट चुकली तर ती काढून दुसरी बसवता येते, लेणे कोरणाऱ्याचा घाव चुकला तर? उडालेला दगड पुन्हा चिकटत नाही. म्हणून छिन्नी लावण्यापूर्वी माप पक्के करावे लागते. प्रस्तुत पाठाचा विषय अवकाशयानांचा उद्योग हा असला, तरी त्याचा आरंभ येथून करणे सोयीचे जाईल.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले, हे खेड्यापाड्यांतील मुलांसही ठाऊक आहे. ते कोणी केले, असे विचारल्यास वर्गातून ‘शास्त्रज्ञांनी’ असे उत्तर येते. उत्तर चूक नव्हे, पण अपुरे आहे. आणि या अपुरेपणामुळेच वऱ्हाडातील मुलास हा उद्योग परक्या लोकांचा वाटतो. तो अपुरेपणा भरून काढणे हे या पाठाचे उद्दिष्ट होय.

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर नावाची वसाहत आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी तेथे ऊस लावून साखर कारखाना काढला. याच गृहस्थांनी १९४० साली बंगलोर येथे विमानांच्या कारखान्यास आरंभ केला होता, म्हणजे आकाशाचे त्यांना वावडे नव्हते. तथापि ऊस गाळणाऱ्या वसाहतीत पुढे अग्निबाणाचे भाग होतील, हे त्यांच्याही ध्यानीमनी असणे शक्य नव्हते. साखर कारखान्यास मोठमोठी भांडी लागतात : रस उकळण्याची, पाक घट्ट करण्याची, वाफ कोंडण्याची. जाड पत्रा वाकवून त्याचे नळकांडे करणे, सांधा वेल्डिंगने जोडणे, आत दाब देऊन तो गळतो की काय हे पाहणे, ही कामे करता करता तेथे साखर कारखान्यांची यंत्रेच बनवण्याचा उद्योग वाढीस लागला. १९७३ पासून भारतीय अवकाश संशोधन संघटनेशी (इस्रो) त्याचा संबंध जुळला. घन इंधनाच्या अग्निबाणाचे कवच म्हणजे तरी काय? तेही आत प्रचंड दाब कोंडणारे नळकांडेच. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या अग्निबाणाच्या दोन्ही बाजूंस जे घन इंधनाचे बूस्टर होते, त्यांचे भाग वालचंदनगरातही बनले होते.

मुंबईत विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्याची कथाही याच वळणाची आहे. कुलपे आणि तिजोऱ्या यांसाठी घरोघरी माहीत असलेल्या या नावाने पुढे अग्निबाणाची ‘विकास’ ही द्रव इंधनाची इंजिने तयार केली. मात्र येथे एक गोष्ट विसरता कामा नये. केवळ कसब होते म्हणून उद्योग उभा राहिला नाही. इस्रोने आराखडे दिले, तपासणीच्या पद्धती दिल्या, आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षे मागणी चालू ठेवली. एका नगाच्या मागणीवर कोणताही कारखानदार नवी यंत्रे घेत नसतो. २०२० पासून हे क्षेत्र खाजगी उद्योगांस अधिक मोकळे करण्यात आले आहे. परंतु मागणी टिकवण्याचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नाही.

आता मापाचा विचार. भरताचे वांगे न टोचता निखाऱ्यावर ठेवले तर आतल्या वाफेने ते फुटते, हे मुलांनी पाहिलेले असते. अग्निबाणात इंधन जळताना अशीच वायूची कोंडी होते. फरक इतकाच की वायूस बाहेर पडण्यास खाली तोंड ठेवलेले असते. वर सांगितलेल्या बूस्टरचा व्यास ३.२ मीटर, म्हणजे त्रिज्या १६० सेंटिमीटर. आणि पोलादी कवचाची जाडी सुमारे ८ मिलिमीटर. हिशेबाच्या सोयीसाठी आतला दाब दर चौरस सेंटिमीटरास ५० किलो धरावा. दाबास त्रिज्येने गुणून जाडीने भागले असता कवचावरील ताण मिळतो : ५० गुणिले १६० भागिले ०.८, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास १०,००० किलो. नखाएवढ्या पोलादावर दहा टन! लांबीच्या दिशेने गेलेल्या सांध्यास हा सगळा ताण सोसावा लागतो. गोल फिरणाऱ्या सांध्याच्या वाट्यास याच्या निम्मा येतो. समजा, एखाद्या जागी पत्रा ८ ऐवजी ७ मिलिमीटर भरला. तेवढ्याने ताण सुमारे ११,४०० किलो होतो. हा गुणाकार-भागाकार सातवीचे मूल सहज करील, आणि एक मिलिमीटर म्हणजे किती हे त्याला जन्मभर विसरता येणार नाही.

ही कवचे एकसंध नसतात. खंड जोडून ती उभारतात. म्हणून प्रत्येक खंड वर्तुळाकारच असावा लागतो. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले व सात जण मृत्युमुखी पडले. बूस्टरच्या दोन खंडांमधील सांध्याची रबरी कडी थंडीने ताठरली आणि तेथून तप्त वायू बाहेर पडला. आधीच्या उड्डाणांतही अशा कड्या झिजल्याचे आढळले होते व त्याची नोंदही झाली होती. पण यान सुखरूप परत येत गेले, तसतशी ती झीज नित्याची मानली गेली. आदल्या रात्री थंडीत उड्डाण करू नये असे अभियंत्यांनी सांगितले, तेही मानले गेले नाही.

वऱ्हाडचे जुने कसब कापसाचे. सरकी काढण्याच्या यंत्रातील चामडी रूळ आणि पाते यांची जुळणी बिघडली तर सरकी रुईत मिसळते. ती जुळणी राखणारा कारागीर मापाचेच काम करीत असतो. याचा अर्थ उद्या पातुरात अग्निबाण होतील असा नव्हे. अवकाशउद्योगाची दुसरी बाजू मात्र गावाच्या शिवारापर्यंत आलेली आहे. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रात उपग्रहांच्या चित्रांवरून जमीन, पाणी व पिके यांचे नकाशे करतात. चित्रातील कोणता रंग कपाशीचा व कोणता तुरीचा, हे कोणीतरी प्रत्यक्ष बांधावर जाऊन लिहून आणल्यावाचून ठरत नाही. बांधावर न जाता लिहिलेली नोंद नकाशात शिरली, तर ती वरून ओळखू येत नाही.

वर्गातील कृतीसाठी गोल पत्र्याचे डबे, दोरा आणि फूटपट्टी एवढे साहित्य पुरे. प्रत्येक गटाने दोऱ्याने डब्याचा परीघ मोजावा. डबा दोन जाड पुस्तकांमध्ये उभा धरून, पुस्तकांमधील अंतरावरून व्यास मोजावा. आणि परिघास व्यासाने भागावे. उत्तर ३.१४ च्या आसपास यावयास हवे. येथे शिक्षकाने विशेष सावध राहावे. एखादा गट न मोजताच ३.१४ लिहून देईल, दुसऱ्याचे उत्तर ३.०५ येईल; आणि पहिल्यास शाबासकी व दुसऱ्यास फेरकाम असा न्याय वर्गावर्गातून नकळत होत असतो. तसे न करता दुसऱ्या गटाची वही फळ्याजवळ आणावी व कारण शोधावे. ताणून गुंडाळलेला दोरा पट्टीवर ठेवताना आखडला काय? डबा पोचा असून व्यास एकाच बाजूने घेतला काय? पोचा डबा मुद्दाम एका गटास द्यावा, आणि त्याचे चार दिशांनी चार व्यास घ्यावयास सांगावे.

सर्व आकडे वर्गाच्या वहीत शाईने लिहावेत. चुकलेला आकडा खोडू नये. त्याच्या शेजारी नवा लिहून कारणाची एक ओळ जोडावी. पुढील आठवड्यात तेच डबे गट बदलून पुन्हा मोजवून घ्यावेत, आणि नवे आकडे जुन्यांच्या खाली त्याच पानावर येतील एवढी जागा पहिल्याच दिवशी सोडून ठेवावी.