फ्लॅप खाली, तर नाक वर का?

प्रश्न : माझी मुलगी वैमानिकाचं शिक्षण घेते आहे. सुट्टीला घरी आली की दिवसभर विमानाच्याच गप्पा. ती म्हणते, त्यांच्या सेस्ना १७२च्या वेगाच्या तबकडीवर पांढरी पट्टी असते आणि काटा त्या पट्टीत आल्याशिवाय फ्लॅप पूर्ण उघडायचे नाहीत. असं का? शिवाय फ्लॅप पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकतात, म्हणजे विमानाचं नाक खाली जायला हवं. ती म्हणते, वर जातं. कोणाचं खरं?
– एक वाचक, धुळे

उत्तर : मुलीचंच खरं. तुमचा तर्क चुकलेला नाही, फक्त तो पंखापाशीच थांबला. शेपटीपर्यंत गेला नाही.

आधी वेगाचं बघू. फ्लॅप उघडले की पंखाला कमी वेगातही पुरेशी उचल मिळते. हवेचा विरोधही वाढतो, म्हणून वेग न वाढता विमान जास्त उतारानं धावपट्टीकडे येऊ शकतं. पण हवेचा मारा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून सेस्ना १७२च्या एस या प्रकारात १० अंशांपर्यंत ११० नॉटची मर्यादा आहे आणि त्यापुढे, ३० अंशांपर्यंत, ८५ नॉटची, म्हणजे ताशी साधारण १५७ किलोमीटर. पांढरी पट्टी ८५ला संपते. पहिले १० अंश तिच्याबाहेरही चालतात. हे आकडे फ्लॅपच्या खटक्याशेजारीच लिहिलेले असतात.

८५ आणि ११० मधला फरक किरकोळ वाटतो. वेग तीस टक्क्यांनीच वाढतो, पण हवेचा जोर जवळजवळ दोन-तृतीयांशानं वाढतो. हा जोर फ्लॅप ज्यावर सरकतात त्या पट्ट्या, रोलर आणि दांड्या सोसतात. आणखी एक गोष्ट : फ्लॅप बंद असताना हे विमान नेहमीच्या वापरात ३.८ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ३.८ पट, इतका भार घेऊ शकतं, फ्लॅप उघडे असताना फक्त ३. उन्हाळी दुपारच्या उसळत्या हवेत हा फरक लहान नाही.

आता नाक. फ्लॅप उघडल्यावर पंखावरची उचल थोडी मागे सरकते आणि नाक खाली दाबू पाहते. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण जास्त उचल देणारा पंख आपल्यामागची हवाही जास्त जोरानं खाली ढकलतो. ही खाली वाहणारी हवा शेपटीच्या आडव्या पंखावर येते, शेपटी खाली दाबली जाते आणि नाक उचललं जातं. सेस्नाचा पंख डोक्यावर असल्यामुळे फ्लॅपचा विरोध विमानाच्या गुरुत्वमध्याच्या वर लागतो. तोही नाक वर ओढतो. या ओढाताणीत १७२मध्ये नाक वर नेणारी बाजू जिंकते. सगळ्या विमानांत असं होत नाही. आडवं शेपूट टी अक्षरासारखं उंचावर असेल, तर खाली वाहणारी हवा तिथवर फारशी पोचत नाही आणि नाक खाली झुकण्याकडे कल राहतो.

म्हणून शिकाऊ वैमानिक फ्लॅप उघडताना योक, म्हणजे हातातलं सुकाणू, पुढे रेटून धरतो, नाहीतर विमान फुगल्यासारखं वर उचललं जातं आणि वेग पडतो. मग ट्रिमचं चाक फिरवून हातावरचा ताण घालवायचा. हे काही तासांत हाताला सवयीचं होतं.

खरी परीक्षा असते उतरता उतरता पुन्हा वर जायचं ठरवल्यावर. फ्लॅप ३० अंशांवर, ट्रिम उतरण्याच्या कमी वेगासाठी लावलेला, आणि अशात इंजिनाला पूर्ण ताकद दिली की नाक इतकं वर झेपावतं की योक नेटानं पुढे दाबावा लागतो. तिथे हयगय केली तर विमान स्टॉल होऊ शकतं, म्हणजे पंखाची उचल एकदम ढासळू शकते, तेही जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर. घाबरून सगळे फ्लॅप एकदम बंद केले तर उचल जाते आणि विमान खाली बसतं. म्हणून विमानाच्या पुस्तिकेत क्रम दिलेला आहे : पूर्ण ताकद, फ्लॅप २० अंशांवर, वेग ६० नॉट, मग १० अंश, आणि समोरचे अडथळे मागे पडल्यावर, सुरक्षित उंची आणि वेग मिळाल्यावर उरलेले फ्लॅप बंद. माझ्या मते पांढऱ्या पट्टीपेक्षा हा क्रम तोंडपाठ असणं जास्त मोलाचं.

मुलीला एवढं जरूर सांगा : मर्यादेपेक्षा जास्त वेगात फ्लॅप उघडले गेले, तर विमान नीट उतरलं म्हणून गप्प बसायचं नाही. प्रशिक्षकाला आणि देखभाल इंजिनिअरला सांगायचं. वाकलेली दांडी कॉकपिटमधून दिसत नाही, आणि तेच विमान थोड्या वेळानं दुसरा विद्यार्थी घेऊन जाणार असतो.