परक्यांची वस्ती

वाचनभाग: प्रेषितांची कृत्ये ६:१-७, १ पेत्र १:१७

१८११ साली मराठी नवा करार छापून प्रसिद्ध करणारे विल्यम कॅरी १७६१ साली इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी या खेड्यात जन्मले. त्यांचे वडील एडमंड विणकर होते. पुढे ते गावचे शाळामास्तर व पॅरिश क्लार्क झाले. अशा पॅरिशचा इतिहास आपल्या मंडळ्यांनाही बोधप्रद आहे.

पॅरिश म्हणजे एका उपासनामंदिराच्या कक्षेतील वस्ती. उपासना व गावकारभार ही दोन्ही कामे तिच्याच आधारे चालत. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याची आज्ञा १५३८ साली झाली. करदात्या रहिवाशांच्या सभेस ‘व्हेस्ट्री’ म्हणत. १६०१ च्या कायद्यान्वये चर्चवॉर्डन व दरवर्षी नेमलेले ओव्हरसीअर घरपट्टीसारखा कर गोळा करून अनाथ, वृद्ध व अपंग यांचे पोषण करीत. येरुशलेमेत उपेक्षित विधवांसाठी सात जण नेमले गेले, त्याचे येथे स्मरण होते.

परंतु ज्याने खर्च सोसावयाचा, तो माणसे मोजू लागतो. १६६२ च्या कायद्याने, वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरात राहावयास आलेला नवखा मनुष्य उद्या पॅरिशवर भार होईल एवढ्या भीतीवरूनही, चाळीस दिवसांच्या आत तक्रार झाल्यास, न्यायाधीशांच्या हुकमाने त्याच्या मूळ पॅरिशला परत धाडता येई. प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत कोणास हलवू नये, असा नियम व्हावयास १७९५ साल उजाडले.

आता मूळ शब्द पाहा. ‘पॅरिश’ हा शब्द ग्रीक ‘पारोइकिया’पासून आला. पेत्राने तोच शब्द विश्वासणाऱ्यांच्या पृथ्वीवरील प्रवासी जीवनाला लावला आहे. त्याचा अर्थ परक्या ठिकाणचा मुक्काम! ज्या संस्थेच्या नावातच ‘आपण सारे परके’ ही कबुली होती, तिनेच परक्याला वेशीबाहेर घालविले.

१८३४ साली गरिबांची व्यवस्था अनेक पॅरिशांच्या संयुक्त संघांकडे गेली. १८९४ च्या कायद्याने ग्रामीण पॅरिशचा लौकिक कारभार निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे आला. पॉलर्सपरीत आजही असे कौन्सिल आहे. कारभार मंदिराबाहेर गेला, तरी प्रश्न मंदिरातच उरला.

वाचकहो, कामधंद्यासाठी परप्रांती गेलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न अनुभवाने ठाऊक आहे. आपल्या मंडळीच्या सभासद-यादीत नसलेला गरजू दाराशी आला, तर आपण प्रथम काय विचारतो: त्याचे नाव कोणत्या यादीत आहे, की त्याला काय हवे आहे? आपणही येथे मुक्कामालाच आहोत, हे स्मरून उत्तर द्यावे.