बालवाडीतील तीन तास : खेळातून शिक्षण

मुलाचे नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढते, त्यापूर्वीच त्याच्या शिक्षणाचा पाया घातला गेलेला असतो. भाषा, सवयी, हातापायांवरील ताबा आणि इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती या सर्वांची घडण तीन ते सहा या वयात होत असते. मुंबईच्या गिरणगावात हा काळ पिढ्यान्‌पिढ्या चाळीच्या एका खोलीत गेला. नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेथेच स्वयंपाक, तेथेच अभ्यास आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाची दिवसाची झोपही तेथेच. अशा घरात मुलाच्या धावण्याला आणि बोलण्याला सतत आवर घालावा लागतो. हा आवर जेथे सुटतो, ती जागा म्हणजे बालवाडी होय.

परंपरा

बालशिक्षणाचा विचार कामगारवस्तीला नवा नाही. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीतच सुरू झाले. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केला. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य हाती घेतले. त्यात अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे गेले. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी साकार झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द गावोगावी पोहोचला.

दिवसाचा क्रम

बालवाडी साधारणतः तीन तास चालते. प्रारंभी ताई दारातच प्रत्येक मुलाचे स्वागत करतात आणि नखे, केस, डोळे यांवरून नजर फिरवतात. ही पाहणी शिक्षेसाठी नव्हे. ताप, खरूज किंवा अशक्तपणा वेळीच ध्यानात यावा यासाठी असते. नंतरचा पाऊण तास मुक्त खेळाचा. त्यात मूल आपले साधन आपण निवडते व खेळून झाल्यावर जागेवर ठेवते. मग सर्वांनी गोल बसून गाणी, बडबडगीते, गोष्ट आणि गप्पा. हात धुऊन एकत्र खाऊ. त्यानंतर मैदानी खेळ आणि शेवटी निरोप.

हा क्रम रोज तोच असावा. लहान मुलाला घड्याळ कळत नाही. परंतु गोष्टीनंतर खाऊ आणि खेळानंतर आई, एवढे त्यास कळते. पुढे काय होणार हे ठाऊक असलेले मूल निर्धास्त राहते, आणि निर्धास्त मूलच शिकते.

खेळामागील हेतू

पाहणाऱ्यास हा केवळ खेळ वाटतो. वस्तुतः प्रत्येक खेळामागे हेतू असतो. मणी ओवताना अंगठा व तर्जनी यांची जी पकड बसते, तीच पुढे पेन्सिल धरण्यास उपयोगी पडते. चिंचोके व वाल वेगळे करताना वर्गीकरण होते, आणि वर्गीकरण हा गणिताचा आरंभ आहे. तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना हात व डोळे यांचा मेळ बसतो. भातुकलीत मूल मोठ्यांची भाषा बोलून पाहते. झोपाळ्यावर आपली पाळी येईपर्यंत थांबणे हा तर नागरिकत्वाचाच पहिला धडा.

यासाठी महाग साधनांची आवश्यकता नाही. कोसबाडच्या कार्यात खडे, बिया, पाने, शिंपले यांनाच साधनांचे स्थान मिळाले. मुंबईतही अशी सामग्री विपुल आहे. गिरगाव चौपाटीची वाळू व शिंपले, दादरच्या फूलबाजारात गळालेली रंगीत फुले, लालबागच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांतील उरलेली शाडू माती, तेथीलच मसाल्याच्या दुकानांतील धने आणि बडीशेप यांच्या पुरचुंड्या. डोळे मिटून वास ओळखण्याचा खेळ या मुलांना सहज जमतो, कारण तो त्यांच्या परिसरातूनच आलेला असतो. मात्र लहान बिया व मणी नाकाकानात जाण्याचा संभव असल्याने असे खेळ ताईंच्या नजरेसमोरच व्हावेत.

अक्षरांची घाई

बालवाडीसमोरील खरी अडचण पालकांच्या घाईची आहे. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या आईबापांना वहीत अक्षरे दिसली नाहीत, तर पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. त्यांची काळजी खोटी नसते; मुलाने आपल्यापेक्षा पुढे जावे, एवढीच त्यांची इच्छा असते. परंतु बोटांत बळ येण्यापूर्वी गिरवण्याची सक्ती झाल्यास हात दुखतो आणि शाळेची भीती बसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ व कृती यांवर भर दिला आहे. पालकांना महिन्यातून एकदा बालवाडीत बसवून हे काम प्रत्यक्ष दाखविणे, हाच घाईवरील उत्तम उपाय होय.

पाहणी करताना

बालवाडीस किंवा अंगणवाडीस भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी मुलांकडून पाढे म्हणवून घेऊ नयेत. साधने मुलांच्या हाती पोहोचतील एवढ्या उंचीवर आहेत काय, पिण्याचे पाणी व शौचालय स्वच्छ आहे काय, खेळण्यास मोकळी जागा आहे काय, हे पाहावे. मुले ताईंशी न भिता बोलतात की नाही, हे विशेषेकरून पाहावे. फळ्यावर किती अक्षरे आहेत, यापेक्षा खोलीत किती प्रश्न विचारले जातात, यावरूनच बालवाडीची पारख होते.