विदारण आणि क्षरण : बेसाल्टचे उदाहरण

विदारण आणि क्षरण या संज्ञा उत्तरपत्रिकांत अनेकदा एकमेकींच्या जागी लिहिल्या जातात. खडक जागच्या जागी फुटतो किंवा कुजतो, ते विदारण. सुटलेले कण नदी, वारा, हिमनदी वाहून नेतात, ते क्षरण. विदारणात वहन नाही, एवढे ध्यानात ठेवा.

सह्याद्रीतील एखाद्या घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीकडे पाहा. बेसाल्टचे गोल धोंडे कांद्यासारख्या पापुद्र्यांनी वेढलेले दिसतील. लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांतून पाणी शिरते. कोपऱ्याला ते तीन बाजूंनी भिडते. म्हणून कोपरे आधी मऊ पडतात आणि धोंड्याला गोलाई येते. फेल्डस्पारची चिकणमाती होते, लोहयुक्त खनिजांना गंज चढतो. हाताने सुटणाऱ्या या भुसभुशीत खडकाला आपण मुरूम म्हणतो.

निघोजला कुकडी नदीच्या पात्रात खडक हाच, प्रक्रिया मात्र निराळी. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत पात्र कोरतात आणि कोरलेला भुगा प्रवाह पुढे नेतो. तेथील प्रसिद्ध रांजणखळगे असे घडले. हे क्षरण.

तीव्र उतारावर तिसरीच गोष्ट संभवते. मुरूम-मातीचा थर पावसाने जड झाला, की गुरुत्वाकर्षणच त्याला खाली ओढते. ही विस्तृत झीज. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव अशाच दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. पाऊस त्या आठवड्यातला होता. घसरलेला थर विदारणाने हजारो वर्षे तयार करून ठेवलेला होता.